पदरचा शब्द

सोमवार, १२ नोव्हेंबर १९९०

गाळा उघडून आज एक महिना झाला. भाईंदर पश्चिमेला स्टेशनपासून चार मिनिटांवर, जिन्याखालची खोली. आत मी, एक टेबल आणि ह्यांनी ऑफिसच्या लिलावातून आणलेला मराठी टाइपरायटर. बाहेर पाटी: ‘वासंती टायपिंग व भाषांतर’. गिरगावातली शाळा सोडून मीरा रोडला राहायला आल्यापासून दीड वर्ष मी घरात बसून पाण्याच्या टँकरची वाट बघत होते. आता लोक माझी वाट बघतात. निदान दोन-तीन तरी.

आज पहिलं सरकारी काम आलं. चौकीतले हवालदार मोकल एक कागद घेऊन आले. पूर्वेकडे एक नवी इमारत चाललीय. तिथे शनिवारी एक मजूर तिसऱ्या मजल्यावर बांधलेल्या बांबूच्या परांचीवरून पडला. बबन त्याचं नाव. जवळच्या नर्सिंग होममध्ये दोन तास जिवंत होता, मग गेला. तेवढ्या वेळात त्याने जे सांगितलं ते तिथल्या डॉक्टरने इंग्रजीत उतरवून घेतलं. डॉक्टर मल्याळी आहेत, मराठी लिहिता येत नाही. बाकीचे सगळे जबाब मराठीत, तर हाही मराठीत हवा, असं साहेबांचं म्हणणं.

चारच वाक्यं. ‘वी वेअर टॉकिंग. दशरथ स्टार्टेड. द प्लँक मूव्ह्ड. आय फेल.’ सहावीच्या मुलांना येईल असलं इंग्रजी. दशरथ म्हणजे बबनच्या बहिणीचा नवरा. दोघे एकाच फळीवर उभं राहून प्लास्टर करत होते. दुसरं वाक्य मराठीत अर्धवट वाटायला लागलं. ‘दशरथने सुरुवात केली.’ कसली? मोकलांना विचारलं, तर ते म्हणाले, आदल्या दिवशी दोघांचं जोरदार भांडण झालं होतं, सगळ्या साइटने ऐकलंय. मग मी लिहिलं: ‘आम्ही बोलत होतो. दशरथने भांडणाला सुरुवात केली. फळी हलली. मी पडलो.’ खाली ‘मूळ इंग्रजीबरहुकूम खरे भाषांतर’ हा शिक्का आणि माझी सही. शिक्का नवा आहे, त्यामुळे अगदी स्वच्छ उमटला.

मोकल म्हणाले, बाई, दहा मिनिटांत झालं. मी म्हटलं, चौदा वर्षं इंग्रजी शिकवलंय.

बुधवार, १४ नोव्हेंबर

दशरथला अटक झाली. सदोष मनुष्यवधाचा गुन्हा. मोकल चहाच्या टपरीवर भेटले, तेव्हा त्यांनीच सांगितलं. साहेबांना आधी अपघातच वाटत होता, पण कागद वाचल्यावर त्यांचं मत बदललं. भांडण काढलं, फळी हलवली, मेव्हण्याला खाली टाकलं. माणसं कुठल्या थराला जातात.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, बघ, तुझ्या कामाला वजन आहे.

शनिवार, १७ नोव्हेंबर

आज मोठंच काम आलं. त्याच इमारतीच्या बिल्डरच्या ऑफिसातला चंदन म्हणून तरुण आहे, तो आला. गुजराती आहे, पण मराठी चांगलं बोलतो. फ्लॅटच्या कराराचे सगळे मसुदे मराठीत करून हवेत, एकूण चाळीस-पन्नास पानं, आणि पुढेही येत राहतील. म्हणाला, ‘वासंतीबेन, आमच्या शेठना तुमचं काम फार आवडलं.’ शेठनी माझं कोणतं काम बघितलं ते विचारायचं राहून गेलं. पाटी बघून आला असेल. अपघाताबद्दल हळहळला. म्हणाला, घरचीच भांडणं साइटवर आणतात हे लोक, आणि नाव मात्र आमचं खराब होतं.

आज घरी येताना अर्धा किलो जिलबी घेतली.

बुधवार, २१ नोव्हेंबर

दुपारी एक बाई दारात येऊन उभी राहिली. तिशीच्या आतली, हडकुळी, पायाला सिमेंटचे पांढरे डाग. आत ये म्हटलं तरी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकेना. मग म्हणाली, ‘माजा भाव काय बोलला त्यो कागद तुमी लिवलाय ना? मला वाचून दावा.’

दुर्गा. बबनची बहीण, दशरथची बायको. रायगडात म्हसळ्याकडची माणसं, इथे मुर्धा गावात मिठागराच्या बाजूच्या खोल्यांत राहतात. तीही त्याच साइटवर घमेली उचलते. त्या दिवशी खाली विटांपाशी होती. भाऊ पडला तेव्हा पाठमोरी होती, त्यामुळे तिने काही पाहिलं नाही.

माझ्याकडे कार्बन कॉपी होती. वाचून दाखवली. पुन्हा वाचा म्हणाली. पुन्हा वाचली. ‘भांडणाला’ या शब्दापाशी तिने मान हलवली, जणू तोच ऐकायला आली होती.

मग खाली बसली आणि बराच वेळ बोलत राहिली. भांडण खरंच झालं होतं. बबनला आईला इकडे आणायचं होतं. एका खोलीत सहावं माणूस कुठे ठेवायचं, असं दशरथ म्हणाला. त्यावरून वाढलं. बबनचं लग्न झालं नव्हतं, आईचा तोच आधार. कोठडीत दुर्गा नवऱ्याला भेटून आली. तो एकच सांगतो: खाली ट्रकमधून सळया ओतल्या, एकदम आवाज झाला, मी दचकलो, फळी बांधलेली नव्हती ती सरकली. ‘खोटं बोलतोय त्यो,’ दुर्गा म्हणाली. ‘मरतं मानूस खोटं बोलंल का, बाई? का जितं मानूस बोलंल?’

मी म्हटलं, मरणारा माणूस खोटं कशाला बोलेल.

ती गेल्यावर करार टाइप करायला बसले, पण लक्ष लागेना. जीव कळवळतो अशा वेळी. आपण फक्त कागदाचं काम करतो, पण माणसं त्यातून जातात.

सोमवार, २६ नोव्हेंबर

मोकल सांगत होते, दुर्गाने काल नवऱ्याविरुद्ध जबाब दिला. आदल्या रात्री ‘बघून घेतो’ असं तो बबनला म्हणाला होता, हे तिने स्वतःहून सांगितलं. केस आता पक्की झाली, म्हणाले. पंधरवड्यात आरोपपत्र जाईल. सरकारी मदतीतून एक वकीलबाई त्याला मिळाल्यात, पण त्यांना जामीनसुद्धा मिळवता यायचा नाही.

नवऱ्याविरुद्ध असं उभं राहायला केवढं धैर्य लागत असेल. माझ्याने झालं नसतं.

शनिवार, १ डिसेंबर

आजचं जसं झालं तसंच लिहिते.

सकाळी एका बालरोगतज्ज्ञाकडून पत्रक आलं, बाळंतिणींना वाटायला मराठीत हवं म्हणून. नवजात बाळाची लक्षणं, दूध कसं पाजावं वगैरे. चौथा मुद्दा: निरोगी बाळ मोठ्या आवाजाने ‘स्टार्ट्स’. मी लिहिलं, ‘निरोगी बाळ मोठ्या आवाजाने सुरुवात करते’. आणि थांबले. कसली सुरुवात करेल बाळ? रडायला? मग तसं म्हटलं असतं. ह्यांच्या काकांची जुनी डिक्शनरी गाळ्यात ठेवलेली आहे. चौदा वर्षांत हा शब्द मी कधी डिक्शनरीत शोधलाच नव्हता. ‘स्टार्ट’ कोण शोधतं?

सुरुवात करणे हा अर्थ पुष्कळ खाली होता. पहिलाच अर्थ होता: भीतीने किंवा आश्चर्याने एकदम अंग हलणे. दचकणे.

दशरथ स्टार्टेड.

मी दार लोटून घेतलं. ‘आम्ही बोलत होतो. दशरथ दचकला. फळी हलली. मी पडलो.’ कागदावर लिहून बघितलं. चारही वाक्यं एकापुढे एक नीट बसली, एकातही काही अर्धवट वाटेना. दुर्गाने माझ्यासमोर बसून सांगितलं होतं, तो म्हणतो मी दचकलो. मी ऐकलं होतं आणि घरी येऊन इथे याच वहीत लिहिलं होतं. तेव्हाही मला कळलं नाही.

रविवार, २ डिसेंबर

वाचनालयात जाऊन मोठी डिक्शनरी काढली, जिच्यात शब्द कुठून आला तेही दिलेलं असतं. एकच आशा होती, की दचकण्याचा अर्थ जुना, कोणी वापरत नसेल असा निघावा. निघालं उलटंच. हा शब्द मुळात उडी मारण्याचाच आहे. जुन्या इंग्रजीत उसळणे, झेप घेणे. जर्मन आणि डच भाषांत याची भावंडं आहेत, त्यांचेही अर्थ कोसळणे, धाव घेणे असले. मग दचकणे. शिकारी लोक झुडपातून ससा उठवायचे त्यालाही हाच शब्द. ‘स्टार्टल’ याच घरातला. मग प्रवासाला निघणे. आणि सुरू करणे हा अर्थ सगळ्यांत उशिरा येऊन चिकटलेला. आम्ही मुलांना शिकवतो तो.

आधी अंग हलत होतं, काम नंतर सुरू व्हायला लागलं. एरवी हे वाचताना किती मजा वाटली असती.

संध्याकाळी ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी पेपर बाजूला ठेवला. मग म्हणाले, डॉक्टरला काय म्हणायचं होतं ते तुला काय ठाऊक? सुरुवात केली असंही म्हणायचं असेल. हे खरंच आहे. मीही दिवसभर तेच धरून बसले आहे. मग म्हणाले, कोर्टात वकील असतात, न्यायाधीश असतात, सगळ्यांना इंग्रजी येतं, मूळ कागद तिथे आहेच, बघतील ते. तू कशाला पुढे होतेस? एकदा चूक कबूल केलीस तर तुझ्या शिक्क्याला कोण विचारणार?

मी म्हटलं, शब्दाचा अर्थ चुकला हे सोडा. ‘भांडणाला’ हा शब्द त्या कागदात कुठेच नव्हता. तो मी पदरचा घातला.

मूळ कागद सगळ्यांनी पाहिला असेल, पण शेजारी माझा मराठी कागद ठेवल्यावर इंग्रजीकडे कोण पाहणार? मीच पाहिलं नाही.

सोमवार, ३ डिसेंबर

सकाळी चौकीवर गेले. मोकलांना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला, पण माणूस वाईट नाही. थोडा विचार करून म्हणाले, ‘बाई, तुम्ही नवीन कागद टाइप करून द्या. जुन्याच तारखेचा. मी फाइलमधला काढून हा लावतो. बोभाटा कशाला?’

क्षणभर मला मोकळं वाटलं, हे खोटं कशाला लिहू. हो म्हणणारच होते. मग दुर्गा आठवली. तिने तो कागद दोनदा ऐकलाय. उद्या कागद बदललेला दिसला, तर तिला वाटेल दशरथने कोणाचे तरी हात ओले केले. ती मेली तरी त्याच्यावर विश्वास ठेवणार नाही. आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय नवा कागद तरी खरा कशावरून?

नाही म्हटलं. मोकल म्हणाले, मग मी काही ऐकलं नाही.

तिथून नर्सिंग होम गाठलं. जबाब उतरवून घेणारे डॉक्टर कुरियन पंधरा दिवसांपूर्वीच सोडून गेले होते. कुठे, ते सांगायला कोणी तयार नव्हतं. शेवटी झाडू मारणारी बाई, शेवंती, माझ्या मागे जिन्यापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, गुरुवारी मुर्ध्याच्या पुढच्या डोंगरी गावातल्या दवाखान्यात बसतात.

आरोपपत्राचे पंधरा दिवस म्हणजे ११ तारीख. गुरुवार ६ ला येतो.

गुरुवार, ६ डिसेंबर

डोंगरीची बस पाऊण तास उशिरा आली. मुर्ध्याच्या थांब्यावर मी मान खाली घालून बसले, दुर्गा चढेल की काय म्हणून. पुढे मिठागरं, मग चढण. दवाखाना म्हणजे एका घराची ओसरी. पंचवीसेक माणसं होती. मी नंबर लावून बसले. माझ्या शेजारी एक कोळीण ताप आलेल्या नातवाला मांडीवर घेऊन होती, ती विचारत होती, तुला काय होतंय? काय सांगणार.

डॉक्टर कुरियन पन्नाशीचे, शांत, दमलेले. मी कार्बन कॉपी पुढे केली, आणि मराठी वाक्याचा हिंदीत अर्थ सांगितला. त्यांनी चष्मा काढला.

‘मैंने ये नहीं लिखा,’ ते म्हणाले.

बबन त्यांच्याशी हिंदीत बोलला होता, मोडक्या. दसरथ चौंक गया, असं म्हणाला होता. डॉक्टरांनी त्याला इंग्रजीत जो शब्द त्यांच्या शाळेत शिकवला होता तो लिहिला. बरोबरच लिहिला. मग त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्याकडून दोनदा ऐकलं, या वेळी एकही शब्द इकडचा तिकडे होऊ नये म्हणून.

पहिल्यांदा त्यांनी ते वाक्य घेतलंच नव्हतं. पडला कसा एवढंच हवं होतं. फळी हलली, पडलो. डॉक्टर कागद मिटायला लागले, तर बबनने त्यांची बाही धरली. अंगात काही उरलं नव्हतं, तरी सोडेना. म्हणाला, लिखो, दसरथ चौंक गया, उसने कुछ नहीं किया. डॉक्टरांनी वर जागा होती तिथे ते एक वाक्य लिहिलं. ‘उसने कुछ नहीं किया’ लिहिलं नाही. चौंकला म्हटल्यावर ते आलंच त्यात, असं वाटलं.

म्हणजे आदल्या दिवशीचं भांडण बबनलाही आठवत होतं. लोक काय म्हणतील ते त्याला कळत होतं. मरता मरता त्याने मेव्हण्याला वाचवायला जे वाक्य लिहून घेतलं, त्याच वाक्याने मी त्याला आत घातलं.

डॉक्टर म्हणाले, मी लिहून देतो, कोर्टातही येतो. पण सांगावं तुम्हालाच लागेल, की मधला शब्द कुठून आला. मी म्हटलं, सांगेन. त्यांनी मला पाणी दिलं. मी तेव्हा रडत होते हे पाणी समोर आल्यावर कळलं.

शुक्रवार, ७ डिसेंबर

आधी वकीलबाईंकडे गेले. ममता सावे, पंचविशीची मुलगी. ऐकून उठून उभीच राहिली. प्रतिज्ञापत्राची तयारी लगेच सुरू केली. जामिनाच्या अर्जावर सुनावणी १८ तारखेला. आरोपपत्र त्याआधी गेलं तरी जाऊ दे, म्हणाली, तुमचं आणि डॉक्टरांचं अशी दोन्ही प्रतिज्ञापत्रं आपण कोर्टापुढे ठेवू. मग मला म्हणाली, दुर्गाला आम्ही नोटीस पाठवून कळवू. मी म्हटलं, नको. मीच जाते.

मुर्ध्याला पोचले तेव्हा ती खोलीपुढे बसून तांदूळ निवडत होती. मला बघून तिने सूप बाजूला ठेवलं, आतून पाट आणून मला बसायला दिला. मी बसले नाही. उभ्यानेच सांगितलं. एका दमात, मध्ये थांबले असते तर जमलं नसतं.

ती म्हणाली, ‘माजा भाव काय बोलला म्हंता?’

‘दशरथ दचकला, असं.’

‘आनि तुमी काय लिवलं?’

मी सांगितलं. तिला ते पाठच होतं.

‘भांडनाला हे त्यो बोललाच न्हाय?’

‘नाही. ते मी घातलं. मला वाटलं तसं असेल.’

तिने तांदळातला एक खडा उचलला आणि तो बोटांत धरून बसली. आतून पोरांचा आवाज येत होता. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘मी कोठडीत जाऊन त्याच्या तोंडावर थुकले, बाई. गजांतून. त्यानं पुसलंबी न्हाय. म्हसळ्याला आयला सांगावा धाडला, तुज्या जावयानं तुजा ल्योक मारला. आता ते कोन खोडनार?’

क्षमा मागायला आले होते, पण तो शब्द तोंडातून निघेना. मग डॉक्टरांनी सांगितलेली बाहीची गोष्ट सांगितली, जशीच्या तशी. बबनने बाही धरली, सोडेना, लिखो म्हणाला. उसने कुछ नहीं किया.

तेव्हा ती उठली. आत जाऊन दार लावून घेतलं. जोरात नाही, हळूच. मी थोडा वेळ उभी राहिले. आतली पोरंही गप्प झाली होती. मग निघाले.

सोमवार, १० डिसेंबर

चंदन आला आणि कराराचे सगळे मसुदे परत घेऊन गेला, झालेले आणि न झालेले. मी डोंगरीला गेले होते हे त्याला कसं कळलं कोण जाणे. आज बेन म्हणाला नाही. म्हणाला, ‘मॅडम, तुमच्यामुळे आता फळी कोणी बांधली नाही, यावर सगळे येणार. हा विचार केलात का?’

नव्हता केला. तो गेल्यावर केला. फळी खरंच कोणी बांधली नव्हती? एवढा मोठा महिना गेला, आणि हा प्रश्न कोणाच्याही कागदात नव्हता. दशरथने एकट्याने विचारला होता, कोठडीतून. आणि पहिल्या कामाच्या पाचव्या दिवशी शेठना माझं काम का आवडलं, तेही आज कळलं. मी त्या दिवशी जिलबी आणली होती.

सोमवार, १७ डिसेंबर

उद्या सुनावणी. दोन दिवस गाळा उघडला नाही. कोर्टात विचारतील ते प्रश्न मी मनात विचारून बघते, आणि प्रत्येक वेळी उत्तर लांबत जातं. शब्दाचे अर्थ, डिक्शनरी, हवालदाराने सांगितलेलं भांडण. ते सगळं खरं आहे, आणि सगळं मी स्वतःला वाचवायला सांगतेय.

दुर्गा येणार की नाही, माहीत नाही. तिने दिलेला जबाब अजून तसाच आहे.

मंगळवार, १८ डिसेंबर

ठाण्याला निघताना बघते तर हे कपडे करून तयार. ऑफिसला जाताय का विचारलं, तर म्हणाले, रजा टाकलीय. सगळा वेळ माझी पिशवी धरून होते.

आमचा पुकारा बाराला झाला. दशरथला मी पहिल्यांदाच पाहिलं. लहान चणीचा, दाढी वाढलेली. कोणाकडेच बघत नव्हता. डॉक्टर कुरियन आले होते. त्यांचं प्रतिज्ञापत्र वाचलं गेलं, मग माझं. न्यायाधीशांनी मला पुढे बोलावलं. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले होते, इंग्रजी आणि मराठी.

किती वर्षं इंग्रजी शिकवलं, विचारलं. चौदा, म्हटलं.

‘आणि या शब्दाचा हा अर्थ ठाऊक नव्हता?’

‘नव्हता.’

‘ते समजू शकतो. पण ‘भांडणाला’ हा शब्द मुळात कुठे आहे?’

‘कुठेच नाही. मी घातला.’

‘कोणी सांगितलं म्हणून?’

मोकल मागे उभे होते. त्यांनी भांडणाचं सांगितलं होतं, पण लिहा म्हणून सांगितलं नव्हतं. ‘कोणी नाही,’ मी म्हटलं. ‘वाक्य अपुरं वाटलं, म्हणून मी पुरं केलं.’

सरकारी वकिलांनी विचारलं, आरोपीच्या घरच्यांनी तुमच्यावर दबाव आणला का? आणि मागून आवाज आला, ‘मी आनला न्हाय.’ दुर्गा दाराशी उभी होती. शिपायाने तिला गप्प केलं. पण न्यायाधीशांनी तिला पुढे बोलावलं. तुम्ही कोण, तर म्हणाली, मेलेल्याची बहीण, आणि याची बायको. मग म्हणाली, ‘बघून घेतो असं त्यो बोलला व्हता ते खरं हाय, सायेब. पन ते खोलीवरून. पैला मला कागद ऐकीवला, मग मला ते आठावलं.’

दशरथने तेव्हा मान वर केली. तिच्याकडे बघितलं आणि परत खाली घातली.

जामीन झाला. तपास पुन्हा करा, असं पोलिसांना सांगितलंय. माझ्याबद्दल न्यायाधीश एवढंच म्हणाले, की या बाईंनी यापुढे कोर्टाच्या कामासाठी भाषांतर करू नये. बरोबर आहे. ऐकताना कान तापले, पण बरोबर आहे.

परत येताना हे म्हणाले, भूक लागली असेल तुला. मी हो म्हटलं. लागली होती.

शुक्रवार, २८ डिसेंबर

‘व भाषांतर’ एवढा भाग पाटीवरून रंगवून काढला. टायपिंग आहे. अर्ज, बायोडेटा, सोसायट्यांच्या नोटिसा. त्या बालरोगतज्ज्ञाचं पत्रक मात्र पूर्ण करून दिलं, त्यांना सगळं सांगून. ते म्हणाले, तुम्हीच करा.

मोकल मला बघितलं की रस्ता ओलांडतात. साइटवरचं काम बंद आहे. ठेकेदाराला दोनदा चौकीवर बोलावलं म्हणतात. पुढे काय होईल सांगता येत नाही. आणि दशरथची केस अजून उभीच आहे, नुसता बाहेर आहे तो. ममता सावे म्हणते, उन्हाळ्यापर्यंत निकालात निघेल. तिला खात्री आहे. मला आता कशाचीच लवकर खात्री वाटत नाही.

रविवार, ६ जानेवारी १९९१

आज गाळा बंद असतो, पण हिशेबाच्या वह्या आणायला गेले होते. दारापाशी दुर्गा उभी. थोड्या अंतरावर, रस्त्याच्या पलीकडे, दशरथ. तो इकडे आला नाही.

म्हणाली, आयला पत्र लिवायचंय. मी म्हटलं, शेजारी कोणी लिहून देईल, माझ्याकडून कशाला? ‘तुमीच लिवा,’ ती म्हणाली. ‘त्यो कागदबी तुमीच लिवला व्हता.’

कुलूप काढलं. टाइपरायटर नको म्हणाली, हाताने लिहा. गावात मास्तर वाचून दाखवतात आईला. मी पेन घेऊन बसले आणि ती सांगेल तसं लिहीत गेले. तिने आधी पाऊस-पिकाचं विचारलं, पोरांचं सांगितलं. मग बबनचं. मी ‘दशरथ दचकला’ लिहिलं आणि वाचून दाखवलं, तर म्हणाली, ‘दचकला नको. बिचकला लिवा. आय बैलाला बिचकला म्हंते, तिला समजंल.’

ते खोडून बिचकला लिहिलं. बाहीचं तिने स्वतःच सांगितलं, मी नाही. माझ्या सांगण्यापेक्षा कमी शब्दांत.

पत्र दोनदा वाचून घेतलं. दार उघडं होतं, पलीकडे दशरथ टपरीच्या सावलीत उभा होता, हातात एक पिशवी. ती त्याच्याकडे बघत नव्हती.

‘अजून एक लिवा,’ म्हणाली. ‘त्यो घरी आलाय. आमी अजून बोलत न्हाय. मी वाढते, त्यो जेवतो.’

लिहिलं. पेन उचलून विचारलं, अजून काही?

‘न्हाय,’ ती म्हणाली. ‘आज येवढंच हाय.’